नऊ नंबरची बाटली

नवनाथ खालकरांनी चोवीस वर्षं बातम्या दिल्या, पण त्यांचं नाव छापून आलं ते फार तर दहा-बारा वेळा. नाशिकच्या एका दैनिकाचे ते निफाड तालुक्याचे वार्ताहर. कांद्याचे भाव पडले, उसाच्या फडात बिबट्या दिसला, वळणावर ट्रॅक्टर उलटला, ग्रामसभेत बाचाबाची झाली, असलं सगळं ते मोटरसायकलवर फिरून गोळा करायचे आणि संध्याकाळपर्यंत मोबाईलवरून पाठवून द्यायचे. बातमीवर 'वार्ताहराकडून' एवढा एकच शब्द असायचा. राहायला शहरातच, इंदिरानगरात दोन खोल्या, बायको बालवाडीत शिकवायची, मुलगी आरोही बारावी सायन्सला. माणूस सरळ. कुणाकडून पाकीट घेतलं नाही, कुणाची खोटी बातमी दिली नाही. निदान तोवर तरी.

एका हिवाळ्यात त्यांनी चार ओळींची एक बातमी दिली होती. सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीला मिळणाऱ्या एका नाल्यात मासे मरून वर आले होते. बातमी आतल्या पानावर जाहिरातीखाली छापून आली, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना एका अनोळखी बाईंचा फोन आला.

"ती माशांची चार ओळींची बातमी तुमची का?"

फोन करणाऱ्या डॉ. रूपाली शिरसाठ. शहरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. पाण्यातले जड धातू हा त्यांचा अभ्यासाचा विषय. नाल्याच्या वरच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये प्लेटिंगचे, म्हणजे लोखंडी भागांना चकाकी चढवायचे पाच-सहा कारखाने होते. त्यांचं सांडपाणी नाल्यात येत असेल, तर ते झिरपून आसपासच्या विहिरींतही उतरत असणार, असा बाईंचा अंदाज होता. पण अंदाज छापता येत नाही आणि तपासणीला कॉलेजकडे निधी नव्हता.

बंगळुरूच्या एका संस्थेची माहिती त्यांनीच काढली. ही संस्था पत्रकार आणि शास्त्रज्ञ अशा जोडीलाच पैसे द्यायची. नुसत्या पत्रकाराला नाही, नुसत्या शास्त्रज्ञालाही नाही. अट अशी, की प्रश्न दोघांनी मिळून ठरवायचा, पुरावा दोघांनी मिळून गोळा करायचा आणि छापून येईल त्याची जबाबदारी दोघांची. नवनाथांना आधी हसूच आलं. तालुक्याच्या वार्ताहराला कोण विचारतंय? पण बाईंनी अर्ज इंग्रजीत लिहिला, नवनाथांनी गावाची, नाल्याची, माणसांची माहिती पुरवली, आणि चार महिन्यांनी निवड झाल्याचं पत्र आलं. देशभरातून निवडलेल्या नऊ जोड्यांत त्यांची एक.

त्या दिवशी आरोहीनं ते पत्र मोबाईलवर स्टेटसला ठेवलं. 'माझे पप्पा' एवढंच लिहिलं होतं. नवनाथांनी ते दिवसातून कितीदा उघडून पाहिलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

बाईंनी त्यांना पाण्याचा नमुना घ्यायला शिकवलं. बाटली त्याच विहिरीच्या पाण्यानं तीनदा विसळायची. काठावरचं पाणी नाही, मोटर पाच मिनिटं चालवून मग भरायची. झाकण लावल्यावर लगेच नंबर टाकायचा. फॉर्मवर वेळ तिथंच उभं राहून लिहायची, घरी येऊन नाही. "खालकर सर, आपला सगळा अहवाल या बाटलीवर उभा असतो," त्या म्हणायच्या. "मशीन खोटं बोलत नाही. पण मशीनला काय पाजलं, हे त्याला कळत नाही."

पहिल्या फेरीला दोघं बरोबर गेले. नाल्यापासून जरा लांबच्या आठ विहिरी तपासल्या. क्रोमियम, म्हणजे प्लेटिंगमध्ये वापरतात तो विषारी धातू, सापडलं, पण थोडं. मग नाल्याला लागून असलेल्या वस्तीतल्या आणखी चार विहिरी घ्यायच्या ठरल्या, नऊ ते बारा नंबर. ही वस्ती भाजी आणि फुलं पिकवणाऱ्यांची. नवव्या नंबरची विहीर कुसाबाईंची, दहावी त्यांच्या शेजारच्या सहादूची. दोन विहिरींत तीनेकशे पावलांचं अंतर, मध्ये मेथीचे वाफे.

त्या फेरीच्या दिवशी बाईंच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा निघाली. "तुम्ही एकटे जाल का?" त्यांनी विचारलं. नवनाथ म्हणाले, "त्यात काय, आता हात बसलाय."

आणि त्याच दिवशी चार वाजता तालुक्याच्या पत्रकारांनी शहरात त्यांचा सत्कार ठेवला होता. शाल, नारळ, फुलांचा गुच्छ. ज्या माणसांनी चोवीस वर्षं त्यांना 'अरे खालकर' म्हणून हाक मारली, ती आज त्यांच्यावर भाषणं करणार होती.

बारा आणि अकरा नंबर आधी झाले. दहाव्या विहिरीवर सहादूनं मोटर लावायला वेळ घेतला, वीज गेली होती, ती यायला पाऊण तास लागला. पाणी आलं ते किंचित पिवळट. सहादू म्हणाला, "आम्ही हे कधीच पीत नाय. जनावरंसुद्धा तोंड लावत नाहीत." नवनाथांनी बाटली विसळली, भरली, दहा नंबर टाकला. घड्याळात सव्वादोन वाजून गेले होते. कुसाबाईंचं घर समोर दिसत होतं. दाराला कडी, त्या कुठंतरी कामाला गेलेल्या. मोटरची पेटी बंद, म्हणजे त्यांना शोधायचं, किल्ली आणायची, पुन्हा विजेची वाट पाहायची.

पिशवीत नऊ नंबरची रिकामी बाटली उरली होती. सहादू जनावरांकडे गेला होता आणि मोटर अजून चालू होती.

एवढ्याशा अंतरात पाणी वेगळं ते कितीसं असणार, असं नवनाथांनी मनाशी म्हटलं. बाटली पाइपाखाली धरली. तीनदा विसळली, तेवढा नियम मात्र पाळला. फॉर्मवर लिहिलं: विहीर नऊ, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं. दोन चाळीसला ते मोटरसायकलवर होते. चारच्या आत हॉलवर पोचले, नमुन्यांची थंड पेटी खुर्चीखाली ठेवली आणि खांद्यावर शाल घेतली. भाषणात कुणीतरी म्हणालं, "खालकरांची बातमी म्हणजे डोळे झाकून विश्वास ठेवावा." टाळ्या झाल्या. नवनाथांनी हात जोडले.

तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला. दहा नंबरला क्रोमियम परवानगीच्या मर्यादेच्या सातपट निघालं होतं. अकराला दुप्पट. "आणि नऊलाही सातपट," त्या म्हणाल्या. "सर, नऊ आणि दहाचे आकडे फारच सारखे आहेत. इतके सारखे सहसा येत नाहीत. काय कारण असेल?"

सांगायची वेळ तीच होती. नवनाथांना ते त्या क्षणीही कळत होतं.

"विहिरी शेजारीशेजारी आहेत ना मॅडम. एकच झरा असेल."

"तरी एकदा पुन्हा नमुना घेऊ या का?"

"घेतला असता, पण पान लागलंय. संपादकांनी रविवारची जागा ठेवलीय. संस्थेलाही महिनाअखेर अहवाल द्यायचाय."

बाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतः भरलीत ना बाटली?"

"हो, माझ्या हातानं," नवनाथ म्हणाले. आणि ते खोटंही नव्हतं.

रविवारी पूर्ण पानभर वृत्तांत आला. वर दोघांची नावं, मध्ये नकाशा, नकाशावर तीन लाल ठिपके. शेतकऱ्यांची नावं छापली नव्हती, पण त्या वस्तीत कुठली विहीर कुणाची हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आठवड्यात अधिकारी येऊन कारखान्यांची पाहणी करून गेले. दोन कारखान्यांना नोटिसा निघाल्या. नवनाथांना मुंबई-पुण्याहून फोन आले. रस्त्यात भेटणारे थांबून हात मिळवायला लागले. रात्री जेवताना आरोही विचारायची, "पप्पा, क्रोमियम नेमकं शरीरात काय करतं?" आणि ते सांगायचे, बाईंकडून ऐकलेलं, शब्द न चुकवता.

पुढच्या महिन्यात ते सकाळी नाशिकच्या द्वारका चौकातून चालले होते. पुलाखाली भाजीवाल्या बसतात, तिथं कोणीतरी हाक मारली. "ओ पत्रकारदादा!"

कुसाबाई होत्या. पासष्टीच्या, काटक, कपाळावर गोंदण. त्यांच्यापुढं नेहमीच्या मेथी-शेपूच्या जुड्या नव्हत्या, नुसता झेंडूचा ढीग होता.

"भाजी नाही आणली मावशी?"

"भाजी आता कुठली? तुमच्या पेपरात आलं तसं गिऱ्हाईक विचारतं, कुठल्या गावची? गाव सांगितलं की हात मागं. फुलं चालतात. फुलं कोण खातंय?"

नवनाथांना वाटलं, आता मावशी बोल लावतील. त्यांनी लावला असता तर बरं झालं असतं. पण कुसाबाई हातातली फुलं सारखी करत म्हणाल्या, "ते जाऊ द्या. मी कामावर होते तवा येऊन पोहऱ्यानं पाणी काढून नेलं असंल तुम्ही, तुमचे उपकार हायेत. दोन वाफे मेथी तयार होती, मीच नांगर घालायला लावला. म्हटलं, जाणूनबुजून लोकांच्या पोटात इष कसं घालू? इतकी वर्षं न कळत घातलं तेवढं बस झालं."

नवनाथ निघायला वळले.

"दादा, एक इचारायचं होतं." त्यांनी आवाज खाली आणला. "नात हाय माझी, वेदिका. सात वर्षांची. तिच्या अंगावर लय पुरळ यायचं. मी म्हणायची, उष्णतेचं हाय, आन् आमच्या हिरीचं गार पाणी दाबून पाजायची. सून म्हणायची फिल्टरचं आणू, मीच तिच्यावर वरडायची. मीच पाजलं की हो तिला. आता रोज गावातल्या नळावरनं दोन कळश्या आणते. पण जे गेलं पोटात, ते गेलं. पोरीला पुढं काय व्हईल का?"

नवनाथांच्या तोंडून निघालं ते एवढंच: "डॉक्टरांना दाखवा मावशी."

"दाखवते," असं म्हणून कुसाबाईंनी ओंजळभर झेंडू कागदात बांधला आणि त्यांच्या हातात दिला. "वैनींना द्या, देवाला व्हतील."

ती पुडी घेऊन ते मोटरसायकलपर्यंत आले. घरी न्यायची हिंमत झाली नाही आणि टाकवतही नव्हती. दिवसभर ती डिकीत राहिली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर फुलं काळी पडून चिकटली होती. नवनाथांना जेवण जाईना. बायकोनं विचारलं, बरं नाही का? ते म्हणाले, पित्त झालंय. आरशासमोर दाढी करताना त्यांनी नजर फक्त हनुवटीवर ठेवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते कॉलेजात गेले. प्रयोगशाळेत बाई एकट्याच काचेच्या नळ्या धूत होत्या.

"मॅडम, नऊ नंबरची बाटली मी नऊवरून भरली नव्हती."

बाईंनी नळ बंद केला. "मग कुठून?"

"दहावरून."

"फॉर्मवर वेळ होती."

"खोटी लिहिली. तेव्हा मी सत्काराला निघालो होतो."

"मी तुम्हाला फोनवर विचारलं होतं."

"हो."

"शेजारी आहेत म्हणालात."

"हो."

बाई स्टुलावर बसल्या. ओरडल्या नाहीत. ओल्या हातांनी चष्मा काढला, पुसायला काही मिळेना, म्हणून तसाच पुन्हा घातला. मग नवनाथांनी जे म्हटलं, त्याची त्यांना पुढं कित्येक महिने सगळ्यात जास्त लाज वाटली. बाटलीपेक्षा जास्त. ते म्हणाले, "आपण पुन्हा नमुना घेऊन असं लिहिता येईल का, की नऊ नंबरचं पाणी आता सुधारलं?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"खालकर सर," त्या म्हणाल्या, "शंका आली की पुन्हा मोजायचं, हे मी पोरांना पहिल्या तासाला शिकवते. मला शंका आली होती. मी मोजलं नाही, कारण तुम्ही म्हणालात माझ्या हातानं भरली. ती माझी चूक आहे आणि ती मी लिहून देणार आहे. तुमची तुम्ही लिहा."

दुसऱ्याच दिवशी दोघं वस्तीवर गेले. बाईंनी स्वतः नऊ नंबरचे तीन नमुने भरले. कुसाबाईंना वाटलं, पुन्हा तपासणी आहे. त्यांनी चहा केला. बाईंनी घेतला. नवनाथांनी कप हातात धरला, पण तोंडाला लावला नाही. आठ दिवसांनी निकाल आला. कुसाबाईंच्या विहिरीत धोक्याचं काहीच नव्हतं. जमिनीखाली मधे काळ्या दगडाचा पट्टा असावा, तिकडचं पाणी इकडे येत नव्हतं. तीनशे पावलांत पाणी बदललं होतं.

संस्थेला दोन पत्रं गेली, एक बाईंचं, एक नवनाथांचं. संपादकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. दुरुस्ती पाचव्या पानावर आली. त्यात नवनाथांनी हट्टानं एक वाक्य घालायला लावलं, की चूक यंत्राची किंवा शास्त्रज्ञाची नसून नमुना घेणाऱ्या पत्रकाराची आहे. त्या दिवसानंतर त्यांनी त्या दैनिकाला बातमी पाठवली नाही, आणि दैनिकानंही मागितली नाही.

घरी सांगितलं तेव्हा बायको रडली. आरोहीनं एवढंच विचारलं, "सत्काराला मीपण आले होते ना पप्पा? तेव्हा ती पेटी खुर्चीखालीच होती?" ते हो म्हणाले. ती उठून आतल्या खोलीत गेली.

पण खरा घाव अजून पडायचा होता. दुरुस्ती छापून आल्यावर कारखानदारांनी पत्रक काढलं, की अहवाल मुळातच बनावट आहे. नोटिसांचं पुढं काय झालं, कुणी सांगेना. चौकशी जागच्या जागी थांबली. नऊ नंबर खोटी ठरली आणि तिच्याबरोबर दहाही खोटी धरली गेली.

वस्तीवर जाऊन सांगायचं बाकी होतं. बाई म्हणाल्या, मी येते बरोबर. नवनाथ म्हणाले, नको. मारुतीच्या पारावर दहा-बारा माणसं जमली. त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं. सत्काराचंही सांगितलं.

पहिला बोलला सहादू. "माझी हीर खरी हाय ना? पिवळं पाणी तुम्ही डोळ्यांनी बघितलं ना? आता सायेब लोक मला म्हणतात, ते सगळं खोटं होतं, जा घरी. तुम्ही शालीसाठी माझं खरं पाणी खोटं केलं." कुणीतरी मागून शिवी दिली. त्यांनी ती ऐकून घेतली.

कुसाबाई कडेला बसल्या होत्या. माणसं पांगल्यावर त्या जवळ आल्या.

"म्हणजे पोरीला काय झालं नाय?"

"नाही मावशी. तुमच्या पाण्यानं नाही."

"आन् माझ्या मेथीत इष नव्हतं."

"नव्हतं."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पुलाखाली भेटले तेव्हा तुमाला ठावं होतं."

"होतं."

"तवा सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "महिनाभर मी त्या पोरीच्या तोंडाकडं बघितलं नाय. डोळ्याला डोळा देता येईना मला." आणि घराकडे चालू लागल्या.

संस्थेनं पाच महिन्यांनी निर्णय कळवला. खालकरांचं नाव काढलं. पण प्रकल्प बंद केला नाही, बाईंच्या पत्राचा मान ठेवला. पुण्याची एक पत्रकार जोडीला दिली आणि अट घातली, की बाराच्या बारा विहिरी नव्यानं तपासायच्या, प्रत्येक विहीर मालकासमोर, त्याची सही घेऊन. बाईंनी नवनाथांना फोन केला. "माणसं मला नीट ओळखत नाहीत. ओळख करून द्यायला याल? फॉर्मला मात्र हात लावायचा नाही."

नवनाथ गेले. बाराही विहिरींवर बाजूला उभे राहिले. सहादूनं बाटली आपल्या हातानं भरली आणि झाकण दोनदा पिळून पाहिलं. निकाल आले, दहा आणि अकरा पुन्हा वर निघाल्या. दुसऱ्या नावानं बातमी छापून आली, जरा लहान. दोन कारखान्यांना सांडपाण्याची व्यवस्था करावी लागली, एक बंद झाला. सहादूला गावाच्या नळाची जोडणी मिळाली. विहीर काही सुधारली नाही, ती सुधारायला किती वर्षं लागतील ते बाईंनाही सांगता येईना.

नवनाथ आता द्वारकेजवळच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासतात. लग्नपत्रिका, वार्षिक अहवाल, शाळांच्या वह्या. नाव आणि तारीख ते तीनतीनदा वाचतात, मालक वैतागतो. आरोही इंजिनिअरिंगला लागली, दोघं बोलतात, पण कामाचं तेवढंच.

यंदा उन्हाळ्यात बाईंच्या सांगण्यावरून ते नऊ नंबरचा ताजा निकाल द्यायला वस्तीवर गेले होते. पाणी चांगलं असल्याचा कागद. कुसाबाईंच्या वाफ्यांत मेथी होती, शेपू होता, विहिरीच्याच पाण्यावर वाढलेला. वेदिका पायरीवर अभ्यास करत होती. नवनाथांनी कागद दिला. कुसाबाईंनी तो घडी करून चोळीत ठेवला, मग कोपऱ्यातली कळशी उचलून कमरेवर घेतली.

"कुठं निघालात मावशी?"

"नळावर. पोरीच्या प्यायच्या पाण्याला."

"अहो, पण विहीर चांगली आहे. त्या कागदात आहे सगळं."

कुसाबाई थांबल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "मागच्या टायमालाबी कागदच व्हता, दादा."

त्या बांधावरून पुढं गेल्या. नवनाथ अंगणात उभे राहिले. वेदिकानं वहीतून मान वर करून विचारलं, "आजोबा, तुमाला पाणी देऊ?" ते हो म्हणाले. तिनं घरातून तांब्या आणून दिला. पाणी विहिरीचं की नळाचं, त्यांनी विचारलं नाही. उभ्याउभ्या प्यायले आणि परत निघाले.